पाठीवर वारा, उजव्या हाताला लेक: बर्लिंग्टन ते कोबर्ग, सायकलने टप्प्याटप्प्याने

पहिल्यांदा मी उलट्या बाजूने गेलो. जूनमधला रविवार होता. टोरोंटोच्या युनियन स्टेशनपासून निघायचं आणि ऑन्टॅरिओ लेकच्या काठाकाठाने पश्चिमेला ओकव्हिल गाठायचं, असं ठरवलं. अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पुण्यात कॉलेजची सगळी वर्षं सायकलवर काढलेली, त्यामुळे ‘त्यात काय एवढं’ हा ताठा होताच. हम्बर नदीचा पूल ओलांडला तशी समोरून हवा सुरू झाली, ती काही थांबेना. पोर्ट क्रेडिटला एका बाकावर बसलो तो उठून थेट स्टेशनवरच गेलो. पुढच्या शनिवारी सायकल गो ट्रेनमध्ये (टोरोंटो परिसरातली लोकल) घालून ओकव्हिलला नेली आणि तोच रस्ता उलटा केला. वारा तोच, पाय तेच, सायकलही तीच. पण पोर्ट क्रेडिटला पोहोचलो तेव्हा घाम आलेलासुद्धा जाणवला नव्हता.

तेव्हापासून या वाटेवर येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगतो: पश्चिमेकडून पूर्वेकडे जा, आणि एका दमात जायचा हट्ट धरू नका. पालखीसुद्धा मुक्काम करत करतच पंढरपूरला पोहोचते.

आधी ही वाट समजून घ्या

‘ग्रेट लेक्स वॉटरफ्रंट ट्रेल’ या नावाखाली आज ३,६०० किलोमीटरहून जास्त लांबीचं जाळं आहे. ऑन्टॅरिओ, ईरी, ह्युरॉन हे लेक आणि सेंट लॉरेन्स नदी, या सगळ्यांच्या कॅनडाकडच्या काठाने ते पसरलंय. त्याचं मूळ आपल्या ऑन्टॅरिओ लेकवरच आहे. गोदामं, रेल्वेचे रूळ, कारखाने आणि गार्डिनर एक्स्प्रेसवे यांच्यामुळे टोरोंटोच्या लोकांना स्वतःच्याच लेकपर्यंत धड पोहोचता येत नव्हतं. १९८८ मध्ये या किनाऱ्याचं काय करायचं ते ठरवायला एक आयोग नेमला गेला. शहराचे माजी महापौर डेव्हिड क्रॉम्बी त्याचे प्रमुख होते. १९९२ च्या अहवालात, किनारा सलग जोडा आणि लोकांसाठी मोकळा करा, हा विचार मांडला गेला आणि १९९५ मध्ये वाट खुली झाली.

हे सांगायचं कारण असं, की ही वाट कोणी एकसंध बांधलेली नाही. गावोगावच्या बागा, बंदरं, जुने रस्ते आणि नवे पूल एकमेकांना टाके घालून जोडलेत. गोधडीच म्हणा ना! त्यामुळे अर्धा तास पाण्याला खेटून डांबरी पट्टा मिळतो आणि मग अचानक पाटी तुम्हाला बंगल्यांच्या गल्लीत वळवते. पुढे दोन किलोमीटर मोटारींच्या रस्त्याकडेच्या सायकल पट्ट्यातून जायचं आणि पुन्हा पाण्यावर यायचं. ‘लेकच्या काठाने’ म्हणजे सतत पाणी दिसणार, या आशेने आलेला माणूस पहिल्याच दिवशी हिरमुसतो. तसं होऊ नये म्हणून हे आधीच सांगितलं.

जाता जाता: वेंडाट या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या ज्या शब्दावरून ‘ऑन्टॅरिओ’ आलं, त्याचा अर्थच ‘मोठं सरोवर’ असा सांगतात. म्हणजे आपण ‘लेक ऑन्टॅरिओ’ म्हणतो तेव्हा लेकला दोनदा लेक म्हणतो. माझी आई इथे आली होती तेव्हा तिने त्यात तिसऱ्याची भर घातली. लाटा उसळलेल्या दिसल्या की खिडकीतून म्हणायची, “तुझी लेक आज रुसलीय बघ.”

वारा आणि मोसम

या भागात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. पूर्वेला जाताना तो पाठीशी राहतो. दुसरा फायदा कमी लोकांच्या लक्षात येतो. इथे वाहनं उजव्या बाजूने चालतात आणि उत्तर काठाने पूर्वेला जाताना लेकही उजवीकडेच असतो. बागेत शिरायचं असो, बाकावर बसायचं असो की पाण्याजवळ जायचं असो, रस्ता ओलांडावा लागत नाही.

तरी आदल्या रात्री हवामान बघाच. पूर्वेचा वारा ताशी २५ किलोमीटरच्या वर दाखवत असेल, तर बेत बदलू नका, फक्त टप्पा उलटा करा: आधी ट्रेनने पूर्वेच्या टोकाला जा आणि पश्चिमेकडे या.

उन्हाळ्यात दुपारी आणखी एक वारा सुटतो. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, त्यातलाच हा प्रकार. जमीन तापली की पाण्यावरची गार हवा आत येते. इथलं पाणी खारं नाही, म्हणून त्यांना गोडे वारे म्हणायला हरकत नाही. मे-जूनमध्ये या हवेमुळे काठावर चांगलंच गार असतं. घरासमोर टी-शर्टात घाम येत असला तरी पाण्याजवळ दात वाजू शकतात. पातळ विंडचीटर बाराही महिने पिशवीत असू द्या.

मोसम मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा. मेच्या सुरुवातीला काठावर चिलटांचे ढग उठतात. ती चावत नाहीत, पण डोळ्यांत आणि तोंडात जातात. गॉगल लावा आणि तोंड मिटून चालवा. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा मुंबईची आठवण करून देतो, तेव्हा सकाळी सातला निघून अकरापर्यंत टप्पा उरकावा. माझी पसंती सप्टेंबरला: मुलं शाळेत गेलेली, वाटा मोकळ्या, हवा कोरडी आणि क्रेडिट नदीत उलट्या प्रवाहात चढणारे सामन मासे.

गो ट्रेन हीच आपली दोरी

ही वाट नवशिक्यालाही जमते त्याचं खरं श्रेय लेकशोर मार्गाला. पश्चिमेला बर्लिंग्टनपासून पूर्वेला ओशवापर्यंत गो ट्रेन वाटेला समांतर धावते. पाय गळाले, पाऊस आला, पंक्चर निघेना, तर काठापासून बहुतेक ठिकाणी दोन-पाच किलोमीटरवर स्टेशन असतंच. रुज हिलचं स्टेशन तर अगदी पाण्यालाच लागून आहे.

सायकलचं वेगळं तिकीट नाही. शनिवार-रविवारी अडचण येत नाही. आठवड्याच्या दिवशी मात्र सकाळच्या गर्दीत युनियनला पोहोचणाऱ्या आणि संध्याकाळच्या गर्दीत युनियनहून सुटणाऱ्या गाड्यांत घडी न होणारी सायकल चालत नाही. ई-सायकल असेल तर बॅटरीवर सुरक्षिततेच्या प्रमाणपत्राचा छाप लागतो. त्याचे नियम निघण्यापूर्वी गोच्या साइटवर वाचा. प्रेस्टो कार्ड (तिकिटाचे पैसे भरायचं कार्ड) चढताना आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा टेकवा. थकून उतरलेला माणूस दुसरी टेकवणी हमखास विसरतो. मीही विसरलोय.

सायकल, कपडे, पिशवी

महागडी सायकल नको. रुंद टायरची साधी हायब्रिड पुरते. अगदी बारीक टायरची रेसिंग सायकल असेल तर मधले खडीचे तुकडे त्रास देतात. निघायच्या आदल्या दिवशी, निघायच्या सकाळी नव्हे, पुढच्या गोष्टी बघा.

हवा: टायरच्या कडेला आकडा छापलेला असतो, तेवढी भरा. अंगठ्याने दाबून ‘ठीक आहे’ म्हणणं पुण्यातल्या पेठांत चालतं, पन्नास किलोमीटरला नाही. ब्रेक: दोन्ही दाबून सायकल पुढे ढकला, चाक फिरता कामा नये. चेन: कापडाने पुसून तेलाचे थेंब सोडा आणि जादा तेल पुन्हा पुसा. सीट: पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा अगदी थोडा वाकलेला राहायला हवा. आपल्याकडे सीट खाली ठेवायची सवय असते, गुडघेदुखीचं निम्मं कारण तेच.

घंटी कायद्याने सक्तीची आहे. अंधार पडायच्या सुमारास पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लागतो. हेल्मेटची सक्ती अठरा वर्षांखालच्यांनाच आहे, पण डोकं सगळ्यांनाच एक असतं.

पिशवीत जास्तीची ट्यूब (टायरवरचं माप बघून घेतलेली), टायर काढायचे दोन प्लॅस्टिकचे लिव्हर, छोटा पंप आणि ॲलन कीचा जुडगा हवा. या वस्तू नुसत्या विकत घेऊन उपयोग नाही. घरी, टीव्हीसमोर बसून एकदा मागचं चाक काढून ट्यूब बदलून बघा. पहिल्या वेळी पाऊण तास लागेल आणि हात काळे होतील. ते स्कारबरोच्या चढावर होण्यापेक्षा दिवाणखान्यात झालेलं बरं. कुलूप मजबूत घ्या. वॉशरूमला जाताना एक मिनिटासाठीसुद्धा सायकल मोकळी सोडू नका.

खाणंपिणं

तासाला साधारण अर्धा लिटर पाणी, उकाड्यात त्याहून जास्त. बागांमधले नळ आणि वॉशरूम साधारण मे ते ऑक्टोबर चालू असतात. त्याआधी-नंतर गेलात तर पाणी घरून न्या. दोन बाटल्यांपैकी एकीत लिंबू, साखर आणि मिठाचं सरबत भरा. दुकानातलं निळं-हिरवं पेय याहून वेगळं काही करत नाही.

खाण्यात मी सगळे प्रयोग करून दशमीवर आलोय. दुधात भिजवलेल्या पिठाची, गूळ घातलेली दशमी दुपारपर्यंत मऊ राहते, सांडत नाही आणि एका हाताने खाता येते. सोबत शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू. भूक लागायची वाट न बघता दर पाऊण तासाला थोडं तोंडात टाका. भूक कळते तोवर पायांतला जोर गेलेला असतो. मुक्कामाच्या गावी टिम हॉर्टन्सचं कॉफी-खाण्याचं दुकान असतंच, पण पोटभर जेवून पुन्हा सायकलवर बसण्याची चूक एकदाच करा.

टप्पा पहिला: बर्लिंग्टनची वाळू, मग ओकव्हिल (सुमारे ४०-४५ किमी)

बर्लिंग्टन गो स्टेशनवर उतरून दक्षिणेला स्पेन्सर स्मिथ पार्क गाठा. इथे लगेच पूर्वेला वळू नका. आधी हॅमिल्टनच्या बाजूला जा. लेक आणि हॅमिल्टनचं बंदर यांच्यामध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे आणि तिच्यावरून सपाट, फक्त चालणाऱ्या-सायकलवाल्यांचा रस्ता कॉन्फेडरेशन पार्कपर्यंत जातो. डोक्यावरून हायवेचा उंच स्कायवे पूल, एका हाताला वाळू, दुसऱ्या हाताला दूरवर पोलाद कारखान्यांची धुराडी. सुंदर म्हणावं की नाही ते ठरवता येत नाही, पण डोळे हटत नाहीत.

वाटेत बर्लिंग्टन कालव्यावरचा उचलपूल लागतो. बोटींच्या मोसमात शिडाच्या आणि मौजेच्या बोटींसाठी तो तासाला आणि अर्ध्या तासाला वर जातो. मोठं मालवाहू जहाज आलं तर त्याच्या सोयीने. फाटक पडलं तर चिडू नका. सायकल टेकवा आणि दशमी काढा: अख्खा रस्ता आडवाच्या आडवा वर जाताना बघायला मुलं मुद्दाम येतात. पुलावरून सायकल हातात धरून फुटपाथने चाला.

परत फिरून स्पेन्सर स्मिथला या आणि आता खरी पूर्व धरा. ओकव्हिलपर्यंतचा भाग मुख्यतः लेकशोर रोडवरून आहे, वाहनं सोबतीला. नुकतेच भारतातून आला असाल तर या पट्ट्यात सावध राहा. उजवीकडे वळताना नाही, डावीकडे वळताना चूक होते, कारण डोळे सवयीने चुकीच्या बाजूला बघतात. शंका आली की उतरा आणि पादचाऱ्यांच्या सिग्नलने पार करा. ब्रॉन्टेच्या बंदरात थोडं टेका, तिथून ओकव्हिल जवळच आहे.

टप्पा दुसरा: ओकव्हिल ते युनियन (सुमारे ४५ किमी)

एकच दिवस मिळणार असेल तर हा टप्पा करा. पहिला तासभर झाडांनी झाकलेले बंगल्यांचे रस्ते. क्लार्कसनला वंगणतेलाच्या मोठ्या कारखान्याला वळसा पडतो. मग रॅट्रे मार्श येतं, शहराच्या मधोमध टिकून राहिलेली पाणथळ जागा. इथला लाकडी मार्ग चालणाऱ्यांसाठीच आहे, सायकलवाल्यांची वाट पाट्या शेजारच्या गल्ल्यांतून नेतात. घाई नसेल तर सायकल कुलूप लावून ठेवा आणि आत पायी चक्कर मारा.

पोर्ट क्रेडिट हे जेवायचं ठिकाण. दीपगृह, नदीचं मुख, आइस्क्रीमच्या रांगा, आणि रविवारी मिसिसागा शहरातली निम्मी मराठी मंडळी. त्यापुढे लेकव्ह्यू. इथे कोळशावरच्या वीज केंद्राची चार धुराडी होती, लोक त्यांना ‘चार बहिणी’ म्हणायचे आणि बोटवाले त्यांच्याकडे बघून दिशा ओळखायचे. जून २००६ मध्ये त्या पाडल्या.

मेरी कर्टिस पार्कात ओढा ओलांडला की टोरोंटोची हद्द. पुढे शहरातल्या वाटेला मार्टिन गुडमन ट्रेल म्हणतात, ‘टोरोंटो स्टार’ वर्तमानपत्राच्या दिवंगत अध्यक्षांचं नाव. पाट्यांवर दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका. हम्बर बे पार्कच्या टोकावरून शहराची इमारतींची रांग पाण्यावर उभी दिसते. मग हम्बर नदीवरचा १३९ मीटरचा पांढरा कमानी पूल. याच नदीच्या काठाने मूळ रहिवाशांची उत्तरेकडे जाणारी जुनी वाट होती. पुलाच्या सजावटीत तिची आठवण आहे. त्या उलट्या रविवारी मला इथेच वारा लागला होता.

सनीसाइडपासून गर्दी वाढते. शहराच्या सामायिक वाटांवर वेगमर्यादा ताशी २० किलोमीटर आहे. उजवीकडून चाला, पुढे जायचं असेल तर घंटी वाजवा, ‘ऑन युअर लेफ्ट’ म्हणा आणि डावीकडून जा. ऑन्टॅरिओ प्लेसच्या परिसरात बांधकामामुळे वाट इकडेतिकडे सरकवलेली असते, नारिंगी पाट्या पाळा. क्वीन्स की रस्त्यावर तर जवळजवळ चालण्याच्या वेगाने जा. फोटो काढणारे पर्यटक सायकलच्या पट्ट्याला फुटपाथच समजतात, आणि त्यांचाही दोष नाही.

टप्पा तिसरा: युनियन ते रुज हिल (सुमारे ४० किमी, चढासकट)

पहिला भाग सोपा: चेरी बीच, ॲशब्रिजेस बे, वुडबाइन बीच आणि बीचेसचा लाकडी फळ्यांचा रस्ता. फळ्यांवर चालणारे, शेजारच्या पट्ट्यावर सायकली. वेळ असेल तर लेस्ली स्ट्रीटच्या टोकाला वळा. इमारतींचा राडारोडा टाकून तयार झालेली जमिनीची एक लांब जीभ पाच किलोमीटर लेकमध्ये शिरलीय. आज ते टॉमी थॉम्पसन पार्क आहे आणि पाणकावळ्यांची प्रचंड वसाहत तिथे झाडांवर नांदते. नाकाला आधी कळतं, डोळ्यांना नंतर. आठवड्याच्या दिवशी दिवसा ते बंद असतं, म्हणून शनिवार-रविवारच धरा.

बीचेसचा रस्ता संपतो तिथे १९४१ मध्ये सुरू झालेलं आर. सी. हॅरिस जलशुद्धीकरण केंद्र उभं आहे. राजवाड्यासारखं दिसतं, म्हणून पहिल्यांदा आलेला माणूस ‘हे काय आहे’ म्हणून विचारतोच.

आणि मग काठ संपतो. स्कारबरो ब्लफ्सचे मातीचे कडे काही ठिकाणी ९० मीटरपर्यंत उंच आहेत. खाली सलग वाट नाही, वरून गल्ल्यांतून जावं लागतं. चढ आल्यावर सायकल हातात धरण्यात कमीपणा नाही. ब्रिमली रोडने खाली ब्लफर्स पार्कला जायचा मोह होईल. उतरताना वाटतं, किती सोपं! पण तोच चढ परत चढायचाय, हे उतरण्यापूर्वी आठवा. खालूनच कडे खरे दिसतात, म्हणून मी गाडीने वेगळा जातो. कड्याच्या काठावर, कुंपणापलीकडे पाय टाकू नका. माती ढासळते आणि माणसं अडकतात. गिल्ड पार्कमध्ये पाडलेल्या जुन्या इमारतींचे खांब-कमानी जपून उभ्या केल्यात, तिथे सावलीत बसा. नंतर हायलँड क्रीक आणि पोर्ट युनियनचा पट्टा पुन्हा पाण्याला चिकटून थेट रुज हिल स्टेशनला सोडतो.

टप्पा चौथा: रुज हिल ते ओशवा (सुमारे ४० किमी)

रुज नदीच्या मुखावरचा पादचारी पूल ओलांडला की पिकरिंग. फ्रेंचमन्स बेला वळसा घालून पुढे गेलं की वाट अणुवीज केंद्राच्या कुंपणाशेजारून जाते. लोक तिथे पिकनिक करत असतात. इथल्या कँडू पद्धतीच्या जड पाण्याच्या भट्ट्या आणि राजस्थानातल्या रावतभाट्याच्या पहिल्या भट्ट्या एकाच कुळातल्या.

त्यानंतर एजॅक्स. माझ्या मते सबंध वाटेतला काठ राखावा तर या गावासारखा. बंगले मागे ठेवलेत, पाण्याजवळ सलग हिरवळ आणि वाट. घाईने पार करू नका. व्हिटबीच्या लिंड शोअर्समध्ये चिकडी नावाचे मुठीएवढे पक्षी तळहातावर उतरतात. ओशवाला लेकव्ह्यू पार्कच्या बाकावर बूट काढा. गो स्टेशन काठापासून आत आहे, तेवढी ताकद शिल्लक ठेवा.

टप्पा पाचवा: ओशवा ते कोबर्ग (सुमारे ८० किमी, दोन दिवस)

इथून गो ट्रेनची दोरी सुटते. डार्लिंग्टन प्रांतीय उद्यानानंतर शेतं, चढउतार आणि लांबच लांब शांतता. नळ आणि दुकानं विरळ होतात, म्हणून बोमनव्हिल, न्यूकॅसल, पोर्ट होप जिथे पाणी दिसेल तिथे भरा. खांद्याला पिशवी नको, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवा.

परतीची सोय आधी करा. कोबर्गला विया रेलचं (लांब पल्ल्याच्या गाड्यांचं) स्टेशन आहे, पण सायकल सगळ्या गाड्यांत जात नाही. आम्ही चौघे दोन गाड्या नेतो: एक कोबर्गला ठेवून यायची, दुसरीने ओशवाला जायचं. मुक्काम पोर्ट होपला केला तर सप्टेंबरमध्ये गनरॅस्का नदीच्या कॉर्बेट बंधाऱ्यावर माशांसाठी केलेल्या पायऱ्यांवरून उड्या मारणारे सामन बघा. तंबू ठोकायचा असेल तर प्रांतीय उद्यानांचं आरक्षण पाच महिने आधी उघडतं आणि उन्हाळ्यातले शनिवार लगेच भरतात. कोबर्गचा समुद्रासारखा पांढरा किनारा हा हक्काचा शेवट, फक्त पोहण्याआधी पाण्याच्या तपासणीची पाटी वाचा. जोराच्या पावसानंतर दोन दिवस कुठल्याच काठावर पाण्यात उतरू नये.

सांभाळायच्या चार गोष्टी

गवतात गोचीड असते, काळ्या पायांची, तिळाएवढी. रुजच्या परिसरात विशेष जपा. तिच्यामुळे लाइम रोग होतो. झाडीत शिरलात तर मोजे पँटवर ओढा. घरी येऊन गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. तेल, काडी, चुना असले घरगुती उपाय करू नका. पुढे गोल लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जा. साध्या सल्ल्यासाठी ८११, खऱ्या संकटात ९११.

तीन-तीन पानांची चकचकीत वेल म्हणजे पॉयझन आयव्ही. आपल्या खाजकुइलीची विलायती बहीण समजा आणि लघवीला झुडपात जाण्याआधी खाली बघा. पिल्लांसोबतच्या बदकांना, म्हणजे कॅनडा गूझना, लांबून वळसा घाला. घंटीला ती जुमानत नाहीत. आणि वाट कधी बंद असू शकते हे धरून चाला. २०१७ आणि २०१९ मध्ये लेकची पातळी इतकी चढली होती की काठाचे तुकडेच्या तुकडे पाण्याखाली गेले.

आई-बाबा आले असतील तर

सायकल विसरा. हम्बर बे पार्क, पोर्ट क्रेडिट, बीचेसच्या फळ्या आणि एजॅक्सचा काठ, या चार जागी सपाट चालणं, बाक आणि वॉशरूम तिन्ही मिळतात. सकाळी न्या, शाल घ्या, थर्मासात चहा घ्या. पाहुण्यांना इथला सरकारी आरोग्य विमा लागू नसतो, त्यांच्या प्रवास विम्याचा कागद फोनमध्ये ठेवा. माझ्या वडिलांनी हम्बरच्या पुलावर उभं राहून पलीकडचा काठ शोधला. तो दिसत नाही म्हटल्यावर पाणी चाखून खारं नाही याची खात्री केली, मगच याला तलाव म्हणायला तयार झाले.

कोबर्गच्या पुढे

पुढची वाट प्रिस्क्यूल उद्यानातल्या पाणपक्ष्यांजवळून प्रिन्स एडवर्ड काउंटीत शिरते आणि सँडबँक्सच्या वाळूच्या टेकड्या जवळ येतात. काउंटीच्या पूर्व बाजूला ग्लेनोराची फेरीबोट आहे. पाऊण मैलाचीही नसेल अशी खाडी पंधरा मिनिटांत पार करून देते, आणि फुकट. सायकल कठड्याला टेकवून उभं राहिलं की मागे उंच कडा आणि पुढे ॲडॉल्फस्टाउनचा सपाट काठ दिसतो. तिथून लॉयलिस्ट पार्कवे बाथ गावावरून किंग्स्टनला जातो. हा रस्ता उघडा आहे, सावली नाही आणि पाणी अगदी शेजारी. पश्चिमेचा वारा असेल तर पॅडल मारायचं विसरायला होतं. आमची गाडी त्या वेळी बाथमध्ये उभी होती. उरलेले वीस-पंचवीस किलोमीटर येत्या सप्टेंबरसाठी ठेवलेत.